अळीमिळी गुपचिळी

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. बचत गटाची मीटिंग संपली, हिशेबाची वही मिटली, चहाचे कप विसळून झाले. सगळ्या जणी निघाल्या, पण एक वहिनी सतरंजीची घडी घालत उगाच रेंगाळत होत्या. म्हटलं, "काय हो, काही राहिलंय का?" तर मान खाली घालून म्हणाल्या, "ताई, खालच्या अंगाला आग होते हो. वर्ष झालं. रात्री लेकीच्या खोलीत झोपते. ह्यांना वाटतं, माझं मनच उडालंय त्यांच्यावरून."

वय अठ्ठेचाळीस. पाळी जाऊन दीड वर्ष झालेलं. उपाय काय, तर रोज जंतुनाशक घातलेल्या पाण्यानं धुवायचं. म्हणजे आगीत तेलच!

मैत्रिणींनो, मला नवल वाटलं नाही, कारण मी स्वतः त्यातून गेले आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी माझी पाळी मागेपुढे व्हायला लागली आणि पाठोपाठ हा कोरडेपणा आला. मी बी.ए. झालेली, बायकांना आरोग्याचे धडे देत गावभर फिरणारी. तरी सात-आठ महिने अंगावर काढलं. शेवटी धीर करून एका दवाखान्यात सांगितलं, तर उत्तर मिळालं, "आता वय झालं, देवाधर्मात मन रमवा." घरी येऊन रडले. पुढे दुसऱ्या डॉक्टरबाईंनी समोर बसवून नीट समजावलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

गोष्ट साधी आहे. योनीमार्गाचं आतलं अस्तर लवचिक आणि ओलसर ठेवण्याचं काम इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन करतं. पाळी जायच्या सुमारास ते कमी होतं, मग अस्तर पातळ आणि नाजूक होतं. कोरडेपणा, खाज, जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं, कधी रक्ताचा डाग, हे सगळं त्यातून येतं. लघवीच्या मार्गालाही याच हार्मोनचा आधार असतो. म्हणून पुन्हा पुन्हा लघवीला लागणं आणि तिथला जंतुसंसर्गही याच कुळातला. २०१४ मध्ये तज्ज्ञांनी या त्रासाला नवं नाव दिलं, तेव्हा त्यात लघवीच्या तक्रारीही धरल्या. अंगातून येणाऱ्या गरम वाफा बहुतेकींच्या पुढे कमी होतात. हा त्रास मात्र उपचार केल्याशिवाय सहसा जात नाही.

आणि तो फक्त पन्नाशीचाच असतो असंही नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला होतो, कर्करोगाच्या काही उपचारांनी होतो. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर तरुण बाईलाही अचानक होतो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशवी काढण्याच्या ऑपरेशनांवरून २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली होती, ते आठवत असेल. त्यातल्या किती जणींना पुढच्या या त्रासाबद्दल कुणी सांगितलं असेल?

मग करायचं काय? तिथं साबण, जंतुनाशक, सुगंधी द्रव काही नको. बाहेरून साधं पाणी पुरे. आतले कपडे सुती वापरावेत. औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती संबंधाच्या वेळी वापरावी. नेहमीचा ओलावा राहावा म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा लावायची वेगळी जेलही असते. तेल किंवा तेलकट मलम लावलं तर निरोधचं रबर कमजोर होतं, आणि पाळी अनियमित झाली तरी दिवस राहू शकतात, हे विसरू नका. एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर आतून लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं क्रीम किंवा गोळी देतात. ते मनानं आणू नये. स्तनाचा कर्करोग झाला असेल तर आधी सांगावं. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर "असेल काहीतरी" म्हणून घरी बसू नका. लगेच दाखवा.

औषध सोपं आहे, तोंड उघडणं अवघड. गुडघे, बीपी, शुगर यांवर आपण तासन् तास बोलतो. चाळिशीचा चष्मा लागला तर लाजतो का? मग इथंच अळीमिळी गुपचिळी का? कारण चाळिशी उलटलेल्या बाईला अजून इच्छा असते, हे बोलणंच पाप वाटतं. आणि दुखतंय म्हणून नको म्हटलं, तर तीच वाईट ठरते! नवऱ्याला सांगा, "मन उडालेलं नाही, मला दुखतंय." मी सांगितलं. आमचे हे बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आधी का नाही बोललीस?" जेली आणायला तेच गेले.

हा प्रश्न फक्त नवरा-बायकोचाही नाही. माझ्या सत्तरीच्या विधवा आत्याला सारखा लघवीचा जंतुसंसर्ग व्हायचा. बसताना-चालतानाही जळजळायचं. "मला आता त्याचं काय," म्हणून तिनं वर्षानुवर्षं सोसलं. स्वतःला सुखानं बसता यावं, हे कारण बाईला पुरेसं का वाटू नये?

वहिनींना मी त्याच डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. दोन-तीन महिन्यांनी फरक पडला. पुढच्या मीटिंगला आम्ही हाच विषय ठेवला. पहिली पाच मिनिटं सगळ्या सतरंजीकडे बघत बसल्या. मग एक बोलली, मग दुसरी. चहा गार झाला, तरी कुणी उठेना.

तुमच्याही भिशीत, हळदीकुंकवात एकदा हा विषय काढून बघा. सुरुवात कुणीतरी करायला हवी. ती तुम्हीच का करू नये?