पहाटेचा ताज आणि दिवसभराच्या थापा

(धागा मोठा आहे. सवडीने वाचावा; आग्र्याला जाण्यापूर्वी वाचला तर अधिक बरे.)

दिल्लीहून रात्री तीनला निघायचे, यमुना महामार्गाचे १६५ किलोमीटर पेंगत काढायचे, उजाडण्यापूर्वी ताजच्या पूर्व दरवाजाशी रांगेत उभे राहायचे, छायाचित्रे काढून बाहेर पडायचे, न्याहारी, मग किल्ला, मग संगमरवराचे दुकान आणि संध्याकाळी पुन्हा दिल्ली. ‘सनराइज ताज’ या नावाने ही एकदिवसीय सहल विकली जाते. गाईड त्याच पैशांत मिळतो. महाराष्ट्रातून उत्तरेत फिरायला जाणारी आपली पुष्कळ मंडळी ताज असाच पाहून येतात आणि आल्यावर आपल्याला इतिहास सांगतात. माझे भांडण त्या इतिहासाशी आहे.

पहाटेशी माझे वैर नाही. मक्रान्याच्या दगडावर पहिला उजेड पडतो तेव्हा तो पांढरा दिसत नाही, राखाडी दिसतो, मग किंचित गुलाबी, आणि मग एकाएकी डोळ्यांना सोसवत नाही इतका लख्ख. तो पाहण्यासाठी झोपमोड करणे सर्वथा योग्य आहे. परंतु मी गेलो तो जानेवारी होता. धुके असे दाट की बागेतल्या कारंज्यांच्या रांगेपलीकडे काहीही दिसेना. समोर ताज असल्याचे केवळ गृहीत धरायचे होते. आमच्या तुकडीत चौदा माणसे. दाखवायला काही नाही म्हटल्यावर गाईडने गोष्टी सांगायला सुरुवात केली.

पहिली गोष्ट अर्थातच हातांची. असा महाल पुन्हा होऊ नये म्हणून बादशहाने कारागिरांचे हात तोडले. आमच्यातील एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. दुसरी, नदीपलीकडच्या काळ्या ताजची. तिसरी, बावीस वर्षे आणि वीस हजार मजूर. आणि चौथी तो आवाज खाली आणून सांगतो: ‘तेजोमहालया’ची.

हातांपासून सुरू करू, कारण ही थाप सर्वांत लाडकी आहे आणि सर्वांत अन्यायकारकही. ती बादशहावर अन्याय करते म्हणून नव्हे. बादशहांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. ती कारागिरांवर अन्याय करते. ‘हात तोडलेले मजूर’ असा एक बिनचेहऱ्याचा जमाव उभा केला की त्यांची नावे विचारण्याचे कारणच उरत नाही. प्रत्यक्षात नावे आहेत.

ताजवरील अक्षरे ज्याने रेखली त्या अमानत खान शिराझीची सही समाधीच्या आतच आहे, १०४८ हिजरी, म्हणजे १६३८-३९ या सालासह. बादशहाच्या पत्नीच्या कबरीवर, तिच्या नावाच्या सान्निध्यात, सुलेखनकाराला स्वतःचे नाव लिहू दिले गेले. त्यानंतर या गृहस्थाने आजच्या पंजाबात, तरणतारण जिल्ह्यात, स्वतःची सराई बांधली आणि तिच्यावरचा लेखही स्वतःच लिहिला. तोडलेल्या हातांनी लिहिला असे म्हणायचे असल्यास म्हणावे.

वास्तुकार म्हणून ज्याचे नाव त्याच्या मुलाच्या काव्यात येते तो उस्ताद अहमद लाहोरी ताजचे काम सुरू असतानाच दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या कामावर गेला. त्या किल्ल्याचा पाया १६३९ मध्ये घातला गेला. त्याचा दुसरा मुलगा अताउल्ला. हा कोण, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना आग्र्याला न जाता पाहता येईल. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या दरवाजावर त्याचे नाव कोरलेले आहे, आणि त्याच्याबरोबर हसपत राय या स्थापत्यकाराचे. ताजनंतर दोन दशकांच्या आत, त्याच घराण्यातला माणूस, त्याच धर्तीचा मकबरा, त्याच राजघराण्यासाठी उभारतो आहे! ‘असा महाल पुन्हा होऊ नये’ म्हणून हात तोडल्याचा हा परिणाम विलक्षणच म्हणायचा. (मॉस्कोच्या सेंट बेसिल चर्चच्या वास्तुकाराचे डोळे काढले, ही तिकडची कथा. जगात सुंदर इमारत दिसली की माणसाला कोणाचा तरी अवयव कापावासा वाटतो.)

आता गंमत. सकाळी सात वाजता ज्यांचे हात तुटले होते, त्यांचेच वंशज अकरा वाजता आम्हांला संगमरवराच्या दुकानात भेटले. ‘ताज बांधणाऱ्यांची ही चौदावी पिढी, तोच हुनर, पिढ्यान्‌पिढ्या हातात उतरलेला.’ गाईड तोच. त्या दोन विधानांमध्ये चार तासांचे अंतर होते आणि चौदा जणांपैकी एकालाही ती एकमेकांशेजारी ठेवून पाहावीशी वाटली नाहीत. त्या चौदांत मीही होतो. मला ते परतीच्या वाटेवर सुचले.

वीस हजार मजूर आणि बावीस वर्षे हा आकडा तावेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याचा. कामाचा आरंभ आणि शेवट आपण दोन्ही पाहिल्याचे तो सांगतो. काम सुरू झाले १६३२ मध्ये. हा आग्र्याला पोचला १६४० च्या सुमारास. साक्षीदाराने इतके तपासावे लागते. उलट १६३१ ते १६३३ या काळात आग्र्यात राहिलेला पीटर मंडी हा इंग्रज कंपनीचा माणूस काम चालू असलेले खरोखर पाहत होता, आणि त्याचे नाव कोणी घेत नाही.

मंडीकडे मला आणखी एका कारणासाठी यायचे होते. आग्र्याला येण्यापूर्वी तो सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे प्रवास करीत होता, १६३०-३१ मध्ये. वाटेवर त्याने प्रेते पाहिली. गावेच्या गावे ओस. गुजरात, खानदेश आणि दख्खनवर पडलेला तो भीषण दुष्काळ. परंपरेनुसार तुकोबांची पहिली पत्नी ज्या दुष्काळात अन्नावाचून गेली, तोच. शाहजहान त्या वेळी बुऱ्हाणपूरला तळ देऊन होता, कारण त्याला निजामशाही संपवायची होती आणि बंडखोर खानजहान लोदीला चिरडायचे होते. याच सुमारास शहाजीराजे काही काळ मोगलांच्या चाकरीत होते; शिवनेरीवर जन्मलेले मूल नुकते चालू लागले असेल. आणि याच तळावर, १७ जून १६३१ रोजी, चौदाव्या बाळंतपणात अर्जुमंद बानू बेगम, म्हणजे मुमताजमहल, गेली. तिला प्रथम पुरले ते तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत. सहा महिन्यांनी शव आग्र्याला नेले.

आता सांगा, आग्र्याच्या त्या सहलीत ‘प्रेमाचे प्रतीक’ हे शब्द आम्ही किती वेळा ऐकले? मी मोजणे सोडून दिले. आणि बुऱ्हाणपूर किती वेळा? एकदाही नाही. प्रेम खोटे होते असे माझे म्हणणे नाही. दरबारी इतिहासकारांनी बादशहाचा शोक ज्या तपशिलाने नोंदवला आहे तो केवळ शिष्टाचार वाटत नाही. परंतु ती ज्या मोहिमेत मेली ती मोहीम आपल्या भूमीवर चालली होती, भोवती माणसे उपाशी मरत होती, आणि एकोणीस वर्षांच्या संसारात चौदा बाळंतपणे झाली होती. हे सारे वगळून उरते ते शुभेच्छापत्र.

चौथ्या गोष्टीकडे येतो. टाळणार नव्हतोच, कारण तिचा मोठा प्रचारक मराठी होता. पु. ना. ओक यांनी ताज हे मूळचे शिवालय असल्याचे पुस्तकांतून मांडले; त्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेटाळली आणि बंद खोल्या उघडण्याची मागणीही २०२२ मध्ये टिकली नाही. पण न्यायालय फेटाळते म्हणून इतिहास ठरत नाही, तो कागदांवरून ठरतो. कागद असे आहेत. अब्दुल हमीद लाहोरी ‘बादशाहनाम्या’त स्वतःच लिहितो की निवडलेल्या जागी राजा मानसिंहाची हवेली होती आणि ती त्या वेळी त्याचा वंशज जयसिंह याच्या ताब्यात होती. यात लपवलेले काहीही नाही. मोबदल्यात जयसिंहाला आग्र्यातच चार हवेल्या दिल्याचे फर्मान डिसेंबर १६३३ चे आहे. मक्रान्याहून संगमरवर पाठवा, पाथरवटांना आपल्याकडे अडवून ठेवू नका, अशी त्याच जयसिंहाला गेलेली फर्मानेही उपलब्ध आहेत. तयार मंदिर ताब्यात घेतले असते तर साडेतीनशे किलोमीटरांवरून दगड कशासाठी ओढून आणायचा? आणि दगडफोड्यांसाठी एका राजाशी पत्रव्यवहार कशासाठी?

हा जयसिंह कोण, हे ओळखलेत ना? पुरंदरचा. मिर्झाराजा. ज्याच्या शब्दावर विसंबून महाराज १६६६ मध्ये आग्र्याला गेले, तो. त्याच वर्षी जानेवारीत शाहजहान आग्र्याच्या किल्ल्यात मेला होता आणि ताजमध्ये पुरला गेला होता. मे महिन्यात महाराज दरबारात उभे राहिले. पुढच्याच वर्षी मिर्झाराजाही मेला, आणि कुठे, तर बुऱ्हाणपुरात. मराठी माणसाने ताजसमोर उभे राहून आठवाव्या अशा या गोष्टी आहेत. आपण मात्र तिथे घुमट चिमटीत पकडल्याचे छायाचित्र काढतो.

गाईडवर सगळे ढकलून मोकळे होणे मला मान्य नाही, आणि त्याचे कारण सांगतो. धुके थोडे विरळ झाल्यावर मी त्याला बाजूला घेऊन अमानत खानाची सही कुठे आहे, असे विचारले. वाटले, गोंधळेल. तो हसला, आत नेऊन नेमकी दिशा दाखवली, वर सालही सांगितले. त्याला माहीत होते! मग हात तोडल्याचे का सांगितलेस? ‘साब, सच बताओ तो लोग कहते हैं गाइड को कुछ आता नहीं।’ शिवाय तिकिटाला तीन तासांची मुदत, मागे दुसरी तुकडी, आणि त्याची खरी कमाई दुकानाच्या टक्केवारीत. आपण रडण्यासाठी पैसे मोजतो, तो रडवतो. फसवणूक आहे खरी, पण ती मागणीप्रमाणे पुरवलेली आहे. तेव्हा मागणी बदला. तुकडीत कोणी तरी पहिल्या गोष्टीलाच ‘हे कुठे लिहिले आहे?’ असे विचारले पाहिजे, आणि हा धागा वाचणारा ते विचारेल अशी माझी अपेक्षा आहे.

आणखी एक तक्रार, मार्गाची. ताजची रचना दक्षिणेकडून यायची आहे. आधी बाजार आणि सराया, म्हणजे आजचे ताजगंज. मग जिलौखाना हे पटांगण, मग भव्य दरवाजा, मग बाग आणि शेवटी समाधी. गजबजाटातून शांततेकडे. त्या बाजारांचे आणि सरायांचे वार्षिक दोन लाख आणि ३० गावांचे एक लाख रुपये उत्पन्न समाधीच्या देखभालीसाठी लावून दिले होते, असे लाहोरी सांगतो. बांधकामाचा खर्च तो ५० लाख देतो. म्हणजे ताजगंज ही ताजबाहेरची गर्दी नव्हे, तो ताजचाच भाग आहे. सहल त्याला वळसा घालून बॅटरीच्या गाडीतून बाजूच्या दरवाजाशी उतरवते. मग भव्य दरवाजाखालून सगळे धावत सुटतात, पहिले छायाचित्र मिळावे म्हणून. त्या दरवाजाच्या दक्षिण अंगावर काळ्या अक्षरांत कुराणाचा जो सूरा कोरला आहे त्याचे नाव ‘अल्-फज्र’, अर्थात पहाट. शांत झालेल्या जिवाला स्वर्गात बोलावून तो संपतो. पहाटेची सहल विकणाऱ्यांना ताजवरची ही पहाट ठाऊक नसावी, किंवा तिचे पैसे होत नसावेत.

राहता राहिला काळा ताज. तोही तावेर्निएच्याच पुस्तकातून निघालेला. नदीपलीकडे महताब बागेत १९९० च्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा काळ्या समाधीचा पाया सापडला नाही. सापडला तो एक मोठा अष्टकोनी हौद, ताजचे प्रतिबिंब पडेल अशा बेताने बांधलेला. आणि त्याचा उल्लेख आधीपासून कागदावर होता. १६५२ च्या डिसेंबरात दख्खनच्या सुभेदारीवर निघालेला औरंगजेब आग्र्याला थांबला आणि बापाला पत्र लिहिले: पावसाळ्यात समाधीचा घुमट उत्तरेकडून दोन ठिकाणी गळतो, पुराच्या पाण्याने महताब बागेची शोभा गेली, अष्टकोनी हौद आणि त्याभोवतालचा बंगला मात्र शाबूत आहे. घुमट गळतो! तोही बांधणाऱ्याच्या हयातीत. मला हे पत्र ताजविषयीच्या सगळ्या दंतकथांपेक्षा अधिक हृद्य वाटते.

महताब बागेचे तिकीट वेगळे काढावे लागते. उतरत्या उन्हात तिथून समाधीची मागची बाजू, नदीचे पात्र आणि तो हौद हे सारे एका नजरेत येते, आणि जवळपास कोणी नसते. आमच्या सहलीत ती बाग नव्हती. त्या वेळी आमची गाडी संगमरवराच्या दुकानासमोर उभी होती.