गादीवरचा कायदा मतपेटीतून



निवडणुकीचा हंगाम आला की आपल्या वस्तीत पाहुण्यांची वर्दळ वाढते. एरवी ज्या पायांना आपली वाट ठाऊक नसते ते आपल्या उंबरठ्याशी येतात, विहारात मेणबत्ती लावतात, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालतात आणि नळाचे, गटाराचे, समाजमंदिराचे आश्वासन देऊन निघून जातात. आपणही विधानसभेच्या उमेदवाराजवळ एवढेच मागतो. नळ मागू नये असे आम्ही म्हणत नाही. महाडच्या तळ्याची आठवण ज्यांच्या घरात सांगितली जाते त्यांना पाण्याचे मोल कोणी शिकवावयास नको. परंतु विधानसभेत केवळ नळ मंजूर होत नाहीत. तेथे कायदे होतात. आणि माणसाने आपला धर्म कोणाला विचारून सोडावा हेही तेथे ठरविले जाते. ही अतिशयोक्ती आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी ओरिसातील एका उमेदवाराची हकीकत ऐकावी.

राजेंद्र नारायण सिंह देव हे ओरिसातील पाटणा संस्थानचे अधिपती. (हे बिहारचे पाटणा नव्हे, या संस्थानची राजधानी बोलांगीर.) ते गादीवर असताना, १९४२ साली, त्या संस्थानात धर्मांतराला आळा घालणारा कायदा झाला. त्याला नाव मात्र दिले होते धर्मस्वातंत्र्याचा कायदा! अशी नावे ठेवण्यात आमच्या देशातील सत्ताधाऱ्यांचा हात कोणी धरणार नाही. रायगड, सुरगुजा, उदयपूर या संस्थानांतही त्या सुमारास असेच कायदे झाले होते. १९४८ च्या आरंभी पाटणा संस्थान ओरिसात विलीन झाले, गादी गेली, आणि राजाची आज्ञा हाच कायदा हा काळ संपला असे लोकांना वाटले.

पण राजेसाहेब स्वस्थ बसणारे नव्हते. १९५० साली निघालेल्या गणतंत्र परिषदेचे ते पुढारी झाले. जुने संस्थानिक, जमीनदार आणि त्यांना अजून ‘महाराज’ म्हणून मुजरा करणारी रयत हे या पक्षाचे बळ. १९५२ च्या निवडणुकीत त्याला विधानसभेच्या ३१ जागा मिळाल्या, १९५७ मध्ये ५१. पुढे ही परिषद राजगोपालाचारींच्या स्वतंत्र पक्षात विलीन झाली. जमीनधारणेवर मर्यादा नको, सरकारचा हात उद्योगधंद्यात नको, समाजाची जुनी घडी मोडू नका, असे सांगणारा हा पक्ष उघडपणे स्थितिप्रिय होता. आणि तो उघडपणे तसा होता याबद्दल आम्ही त्याला दोष देणार नाही. पुरोगामीपणाचा अंगरखा घालून तेच काम करणाऱ्यांपेक्षा तो बरा. १९६७ च्या निवडणुकीत १४० पैकी ४९ जागा त्याने मिळविल्या, हरेकृष्ण महताब यांच्या जन काँग्रेसचे साहाय्य घेतले, आणि सिंह देव मुख्यमंत्री झाले.

मुख्यमंत्री होऊन वर्ष लोटण्यापूर्वीच ‘ओरिसा धर्मस्वातंत्र्य अधिनियम, १९६७’ मंजूर झाला. स्वतंत्र भारतात असा कायदा करणारे ओरिसा हे पहिले राज्य. पंचवीस वर्षांपूर्वी जे एका संस्थानात झाले होते तेच आता मतपेटीच्या मार्गाने साऱ्या राज्याला लागू झाले.

बळजबरीने, फसवणुकीने वा आमिषाने धर्मांतर घडवू नये, असे तो कायदा म्हणतो. वरवर पाहता यात आक्षेपार्ह ते काय? बळजबरी आम्हालाही नको. पण शब्दांची व्याख्या पाहा. दैवी कोपाची भीती दाखविणे म्हणजे बळजबरी. कोणताही लाभ, पैशाचा असो वा अन्य प्रकारचा, म्हणजे आमिष. मग ‘या धर्मात तुम्हाला माणूस म्हणून समान स्थान मिळेल’ असे सांगणे हे आमिष ठरणार की नाही? समतेहून मोठा लाभ आम्हाला तरी ठाऊक नाही. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. परंतु धर्मांतर करणारी व्यक्ती अज्ञान बालक, स्त्री, किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर कैद दोन वर्षांपर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत. म्हणजे पदवीधर असो, वकील असो, अनुसूचित जातीचा प्रौढ पुरुष या कायद्याच्या लेखी बालकाच्या रांगेत बसतो! त्याने आपल्या बुद्धीने धर्म सोडला असेल हे कायद्याच्या कर्त्यांच्या मनातच येत नाही.

त्या कायद्याचा रोख ख्रिस्ती मिशनऱ्यांवर होता, बौद्धांवर नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला असा कायदा लागू असता, आणि कोणी तक्रार केली असती, तर बाबासाहेबांना कोणत्या कलमाखाली उत्तर द्यावे लागले असते, हा प्रश्न आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवून पाहा.

१९७२ साली ओरिसा उच्च न्यायालयाने हा कायदा रद्द केला. आमिषाची व्याख्या फार व्यापक आहे असेही म्हटले. मध्य प्रदेशाने १९६८ साली केलेला तसाच कायदा मात्र तेथील उच्च न्यायालयाने टिकविला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कायदे वैध ठरविले. सार्वजनिक सुव्यवस्था हा राज्यांचा विषय आहे, म्हणून असा कायदा करण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला आहे, असा तो निर्णय. तेव्हा ही लढाई दिल्लीत नव्हे, आपल्या मतदारसंघात लढली जाते हे ध्यानात घ्या.

आणि नुसते पक्षाचे नाव वाचून निश्चिंत राहू नका. हिमाचल प्रदेशात २००६ साली असा कायदा काँग्रेसच्या सरकारने केला. गुजरातची गोष्ट तर आपल्या अधिक जवळची. तेथे २००३ चा कायदा असताना, बौद्ध व जैन हे हिंदू धर्माचेच पंथ मानावेत अशी दुरुस्ती २००६ साली विधानसभेने संमत केली. राज्यपालांनी ती परत पाठविली आणि २००८ मध्ये ती मागे घेण्यात आली. एप्रिल २०२४ मध्ये त्याच राज्याच्या गृहखात्याने परिपत्रक काढले की बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म समजावा, आणि म्हणून हिंदू धर्मातून त्यात येण्यापूर्वी जिल्हादंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी. एकदा आपण हिंदूच आहोत असे ठरते, एकदा वेगळे आहोत असे ठरते. आपण कोण हे ठरविण्याचा अधिकार मात्र दोन्ही वेळी दुसऱ्याच कोणाकडे राहतो.

या खेपेस उमेदवार हार घेऊन विहाराशी आला म्हणजे त्याला बसावयास आसन द्या, पाणी द्या. नळाचेही बोला. मग घरातील शिकलेल्या मुलीला पुढे करून एवढेच विचारा: धर्मांतराला सरकारची परवानगी लागावी असे विधेयक सभागृहात आले तर तुमचा हात कोणत्या बाजूने वर होईल? तो जे म्हणेल ते तारीख घालून विहाराच्या वहीत उतरवून ठेवा, आणि त्याखाली त्याची सही घ्या.