सोळा नावांच्या मागे

राष्ट्रीय हॉकी संघाची यादी जाहीर झाली की तिच्यावर दोन प्रकारचे आक्षेप ठरलेले असतात. अमक्या अनुभवी खेळाडूला वगळून तमक्या नवख्याला का घेतले, हा पहिला. आणि आपल्या राज्याचा एकही खेळाडू संघात का नाही, हा दुसरा. दोन्हींचा रोख निवड समितीवर असतो. समितीच्या हातून चुका होतात, क्वचित त्या जाणूनबुजूनही होतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु समितीपुढे नावे येतात तेव्हा निवडीचे बहुतेक काम होऊन गेलेले असते. ते दहा-बारा वर्षे आधी, कुठल्या तरी मैदानाच्या, वसतिगृहाच्या किंवा नोकरीच्या आधाराने झालेले असते आणि त्या वेळी त्याची बातमी कोठेही छापून येत नाही.

पॅरिस येथे २०२४ साली ऑलिम्पिक खेळलेला पुरुषांचा संघ उदाहरणादाखल पाहावा. सोळांपैकी आठ खेळाडू पंजाबचे, तीन हरियाणाचे, दोन उत्तर प्रदेशाचे आणि मध्य प्रदेश, ओडिशा व केरळ यांचा प्रत्येकी एक. म्हणजे एवढ्या विशाल देशाच्या संघातील अकरा जण शेजारशेजारच्या दोन राज्यांतून आलेले. महाराष्ट्राचा रकाना रिकामा होता. या संघाने कांस्यपदक मिळवले, तेव्हा निवड चुकली असे म्हणण्यास फारशी जागा उरत नाही. प्रश्न उरतो तो रिकाम्या रकान्याचा.

त्याकडे वळण्यापूर्वी सोळा या आकड्याचा विचार करणे आवश्यक आहे. विश्वचषकासाठी अठरा खेळाडूंचा संघ नेता येतो; पॅरिसला मुख्य संघ सोळांचाच होता. तेरा दिवसांत आठ सामने, खेळाडू सतत आत-बाहेर करण्याचा आधुनिक हॉकीतील वेग, आणि जागा सोळा. टंचाई आली की प्रत्येक जागेचे मोल वाढते, हा बाजाराचा नियम येथेही लागू पडतो. म्हणून भारताने मुख्य संघात श्रीजेश हा एकच गोलरक्षक घेतला आणि कृष्ण पाठकला राखीव ठेवले. पहिल्या दहा-बारा नावांविषयी बहुधा कोणाचेच दुमत नसते. वाद होतो तो शेवटच्या दोन-तीन जागांचा, अर्थशास्त्राच्या भाषेत सीमांत खेळाडूचा. तेथे एकाच कामात निष्णात असलेल्या खेळाडूपेक्षा दोन-तीन जागी खेळू शकणाऱ्याला पसंती मिळते. बाहेरून हा अन्याय वाटतो. आतून पाहता ती आकड्याने लादलेली काटकसर असते.

ही काटकसर किती महाग पडू शकते तेही पॅरिसलाच दिसले. ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला सतराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले. उरलेला सामना दहा जणांनी खेळून भारताने तो १-१ असा बरोबरीत ठेवला आणि शूटआउटमध्ये जिंकला. पण रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली. बंदी आलेल्याच्या जागी बदली खेळाडू मिळत नसल्याने जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारताला पंधरा जणांनिशी उतरावे लागले. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी गोलरेषेवरून सर्वांत आधी चेंडूवर झेप घेणारा हाच रोहिदास. तो सामना भारताने २-३ असा गमावला. रोहिदास असता तर निकाल वेगळा लागला असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण सोळांतला एक माणूस गेल्यावर काय जाते, हे त्या दिवशी घरबसल्या प्रेक्षकांनाही कळले.

आता मूळ प्रश्न. भारतीय संघांच्या जुन्या याद्या क्रमाने मांडल्या तर त्यांतून देशाच्या सामाजिक-आर्थिक इतिहासाचा एक छेदच हाती येतो. १९२८ साली ॲमस्टरडॅमला गेलेल्या संघाला मुंबई बंदरावर निरोप देण्यास अवघे तिघे जण आले होते, असे सांगतात. त्या संघाचा कर्णधार जयपालसिंग मुंडा, सर्वांत गाजलेला खेळाडू ध्यानचंद. पण निम्म्याहून अधिक खेळाडू अँग्लो-इंडियन होते. रेल्वे, तारखाते, जकात या खात्यांत त्या समाजाला नोकऱ्या होत्या आणि रेल्वेच्या वसाहतींत व शाळांत मैदाने होती. स्वातंत्र्यानंतर या समाजातील अनेक कुटुंबे परदेशी गेली आणि त्यांच्याबरोबर हॉकीही गेली. जबलपूरचे पीअर्स कुटुंब ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले आणि त्या घरातील पाच भाऊ ऑस्ट्रेलियाकडून हॉकी खेळले. ही निवड कोणत्याही समितीने केलेली नव्हती.

१९४८ साली लंडनमध्ये ब्रिटनला ४-० असे हरवणाऱ्या पथकात लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, मॅक्सी वाझ, लॉरी फर्नांडिस अशी मुंबईकर नावे सापडतात. त्या काळी मुंबईत रेल्वे होती, बंदर होते, टाटांसारखे उद्योग होते, त्यांचे संघ होते आणि संघांत खेळणाऱ्या तरुणाला महिन्याचा पगार होता. पुढे १९७५ मध्ये क्वालालंपूरला विश्वचषक जिंकणारा संघ तर साऱ्या देशाचा नकाशाच होता : संसारपूरचा अजितपालसिंग, झाशीचा अशोककुमार, भोपाळचा अस्लम शेर खान, छोटा नागपूरच्या आदिवासी मुलखातील मायकेल किंडो, कोडगूचा गोविंदा, मद्रासचा फिलिप्स. हिरवळीचे किंवा मातीचे मैदान, एक काठी आणि एक चेंडू एवढ्यावर त्या काळी खेळाडू घडू शकत होता.

पुढच्याच वर्षी माँट्रियलला ऑलिम्पिक हॉकी प्रथम कृत्रिम हिरवळीवर झाली आणि भारत सातवा आला. १९२८ पासून प्रथमच भारतीय संघ पदकाविना परतला. या एका बदलाने हॉकीचा उत्पादनखर्चच बदलला. असे मैदान घालण्यास काही कोटी रुपये लागतात, त्यावर भरपूर पाणी मारावे लागते आणि काही वर्षांनी ते पुन्हा बदलावे लागते. नेदरलँड्ससारख्या छोट्या देशात गावोगावच्या क्लबांकडे अशी मैदाने आहेत. आपल्याकडे ती जेथे आली तेथे हॉकी टिकली; इतरत्र मातीवर उत्तम खेळणारी मुले राज्य पातळीपर्यंत पोहोचली आणि तेथेच थांबली.

पंजाबात मैदानाला नोकरीची जोड मिळाली, हे त्याचे खरे सामर्थ्य. जालंधर छावणीला लागून असलेल्या संसारपूरने एकेकाळी ऑलिम्पिकपटूंची रांग उभी केली. त्यानंतर जवळच्या मिठापूरने परगतसिंग, मनप्रीतसिंग आणि मनदीपसिंग दिले. गावातला मोठा मुलगा खेळाच्या बळावर पोलीस दलात लागलेला धाकट्याला रोज दिसतो. हॉकी हा तेथे छंद आहेच, शिवाय तो घर चालवण्याचा एक खात्रीचा मार्गही आहे. ओडिशातील सुंदरगडची कथा थोडी वेगळी. तेथील आदिवासी गावांत बोकडाच्या बक्षिसासाठी सामने खेळले जातात, आणि पानपोशच्या क्रीडा वसतिगृहामुळे त्या खेळाला वळण मिळाले. दिलीप तिर्की आणि अमित रोहिदास हे दोघेही सौनामारा या एकाच गावचे. २०१८ पासून ओडिशा सरकारने राष्ट्रीय संघाचे प्रायोजकत्व घेतले आणि राउरकेला येथे भव्य स्टेडियम उभारले. तरीही पॅरिसच्या यादीत ओडिशाचा एकच खेळाडू होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. आज घातलेल्या मैदानावरचा दहा वर्षांचा मुलगा राष्ट्रीय संघाच्या दाराशी येण्यास आणखी दशक जावे लागते, आणि तेवढा धीर धरणारे अर्थसंकल्प विरळा.

निवडीत मानापमान आणि सूड यांना स्थानच नसते असा याचा अर्थ नव्हे. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत बत्तीस वर्षांनी सुवर्णपदक मिळवून परतलेल्या संघातून कर्णधार धनराज पिल्ले यांच्यासह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना पाठोपाठ वगळण्यात आले. ‘विश्रांती’ हे अधिकृत कारण कोणालाच पटले नाही, कारण या खेळाडूंनी मानधनाचा प्रश्न काढला होता. अशा वेळी आरडाओरडा झालाच पाहिजे. पण महाराष्ट्राचा रिकामा रकाना हा तसा प्रकार नाही.

धनराज खडकीचे. दारूगोळा कारखान्याची वसाहत, छावणीचा परिसर आणि मोडक्या काठ्या जोडून खेळणारी मुले, अशा वातावरणातून ते चार ऑलिम्पिकपर्यंत पोहोचले. २००४ च्या अथेन्सच्या पथकात त्यांच्याबरोबर मुंबईचे वीरेन रास्किन्हा आणि एड्रियन डिसूझा होते. २०१६ साली रिओला मुंबईचाच देविंदर वाल्मीकी होता. त्यानंतरच्या टोकियो आणि पॅरिस या दोन्ही पुरुष संघांत राज्याचा कोणी नाही. दरम्यान महिलांच्या हॉकीत मात्र फलटण तालुक्यातील वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या मुली भारतीय संघापर्यंत गेल्या. शेतकरी कुटुंबांतील या मुलींना कोवळ्या वयात पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत राहण्या-जेवण्याची आणि सरावाची सोय मिळाली. दुष्काळी तालुक्यातून एकामागून एक हॉकीपटू निघण्याचे याहून गूढ कारण शोधण्याची गरज नाही.

पॅरिसच्या यादीत मध्य प्रदेशाच्या नावावर असलेला एकमेव खेळाडू विवेक सागर प्रसाद हा इटारसीजवळच्या गावचा. लहानपणी तो एका स्पर्धेत खेळत असताना अशोककुमार यांच्या नजरेस पडला आणि त्यांनी त्याला भोपाळला, राज्य सरकारच्या हॉकी अकादमीत बोलावून घेतले. ती स्पर्धा अकोल्यात होती.