डोंगर राखला, घरांचे काय?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताच्या पायथ्याशी बोल्डर हे शहर आहे. वस्ती लाखाच्या थोडी वर, मोठे विद्यापीठ आणि पश्चिमेला ‘फ्लॅटआयर्न्स’ नावाचे तिरपे, उघडे कडे. दुसऱ्या महायुद्धानंतर शहर झपाट्याने वाढले आणि बंगल्यांना डोंगरउतार खुणावू लागले.

विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ अल बार्टलेट आणि गणितज्ञ रॉबर्ट मॅकेल्वी यांनी यावर जी तोड काढली, ती नगररचनेच्या पुस्तकातली नव्हती. त्यांनी बांधकामबंदी मागितलीच नाही. समुद्रसपाटीपासून ५,७५० फुटांच्या वर शहराचे नळाचे पाणी द्यायचे नाही, एवढेच त्यांनी सुचवले. १९५९ साली मतदारांनी हा नियम शहराच्या सनदेत घातला. सनद बदलायची तर पुन्हा मतदान आले; एखाद्या सभेत शेवटच्या पाच मिनिटांत ठराव रेटून नियम सैल करण्याची सोय उरली नाही. (ही सोय किती मोलाची असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.) वातावरण संशोधनाच्या राष्ट्रीय केंद्राला या रेषेच्या वर जागा हवी होती, तेव्हा १९६१ साली त्यासाठीही लोकांचाच कौल घ्यावा लागला.

पण पाणी तोडून जमिनीची मालकी बदलत नाही, आणि मालक कायम हात बांधून बसत नाही. म्हणून १९६७ साली बोल्डरकरांनी स्वतःवर जादा विक्रीकर लावून घेतला. त्यातले शंभर डॉलरच्या खरेदीमागे ४० सेंट मोकळ्या जमिनी विकत घेण्यासाठी राखले गेले. त्या पैशातून शहराभोवतीची शेते, कुरणे, उतार टप्प्याटप्प्याने घेतले गेले. आज शहराच्या ताब्यात अशी ४५,००० एकरांहून अधिक जमीन आहे. आपल्याकडे विकास आराखड्यात टेकडीवर आरक्षणाचा रंग भरला की काम झाले, असे समजतात. मोबदल्याला पैसा नसतो. दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देतो आणि पालिका तरीही हलली नाही, तर आरक्षण उठते. त्यात मालकाचा दोष काढता येत नाही.

इथपर्यंत बोल्डरचे कौतुक रास्तच आहे. पुढचा भाग मात्र त्याचे चाहते घाईघाईने सांगतात. १९७१ साली इमारतींच्या उंचीवर ५५ फुटांची मर्यादा आली, कारण डोंगर दिसत राहायला हवा होता. १९७६ साली नव्या घरांची वाढ वर्षाला साधारण दोन टक्क्यांवर रोखण्यात आली. म्हणजे चारही बाजूंना विकत घेतलेली मोकळी जमीन, वर उंचीचे छत आणि आत घरांची मोजदाद. नोकऱ्यांना मात्र असा लगाम नव्हता. विद्यापीठ, प्रयोगशाळा, संगणक कंपन्या वाढत राहिल्या. परिणामी स्वतंत्र घराची किंमत सर्रास दहा लाख डॉलरच्या पुढे गेली आणि तिथे शिकवणारे, स्वयंपाक करणारे, रुग्णांची शुश्रूषा करणारे लोक लाँगमाँट, लाफायेटसारख्या गावांत राहायला गेले. हजारो माणसे रोज तिथून ये-जा करतात, बहुतेक मोटारीने. राखलेल्या हिरव्या पट्ट्याला वळसा घालून शहर पलीकडे पसरलेच. नव्या गृहप्रकल्पांत काही घरे परवडणाऱ्या दराची ठेवण्याची सक्ती शहराने २००० सालापासून केली. पण एकूण घरेच मोजकी असतील, तर त्यातला हिस्सा वाटून किती वाटणार?

उंचीच्या मर्यादेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. डोंगर झाकला तर शहराचे अप्रूपच जाईल. पण जिथून डोंगर दिसतो ते रस्ते, ती मैदाने निवडून तेवढ्यापुरती मर्यादा घालता आली असती. साऱ्या शहराला एकच पट्टी लावणे हे नियोजन नव्हे, आधी घर मिळालेल्यांची सोय आहे.

ज्या पालिका सध्या विकास आराखडा करत आहेत, त्यांनी टेकडीवरच्या आरक्षणासोबत भूसंपादनाच्या पैशाचे लेखाशीर्ष त्याच सभेत उघडावे आणि टेकडीखाली, बसच्या मार्गालगत, किती मजली घरांना परवानगी मिळेल, हेही त्याच नकाशावर दाखवावे.