लिव्ह वाचवा, पण लेहमध्ये नको!

आमच्या ग्रुपवर लडाखचा प्लॅन फिरतोय. शुक्रवारी रात्री नागपूर सोडायचं, शनिवारी सकाळी दिल्लीहून विमानाने लेह, रविवारी खारदुंग ला, सोमवारी पँगाँगला मुक्काम. एवढी घाई कशासाठी, तर लिव्ह वाचावी म्हणून! माझं साधं म्हणणं आहे: लेहमधले पहिले दोन दिवस लोळण्यासाठी ठेवा. तेवढी सुट्टी नसेल तर यंदा चिखलदरा बघा.

आपलं कळमना समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर, लेह ३५०० वर. तिथेही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब इथल्यापेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. (इथून नेलेलं चिप्सचं पाकीट तिथे टम्म फुगतं, ते याच कारणाने.) शरीर जुळवून घेतं हो, पण त्याला काही दिवस लागतात.

"मी जिमला जातो", "मी कळसूबाई दोनदा केलंय"... अहो, कळसूबाई १६४६ मीटर! आणि फिटनेसचा इथे संबंधच नाही. कळमना मार्केटमध्ये पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालालाही तिथे त्रास होऊ शकतो. १९६९ साली भारतीय लष्करी डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अशा आजाराच्या १९२५ केसेस मांडल्या. सगळे जवान, म्हणजे आपल्यापेक्षा धडधाकटच.

कापराच्या पुडीचा वास छान येतो, बस्स. डायमॉक्सचा उपयोग होतो, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, आणि ती घेतली म्हणून आरामाचे दिवस कापता येत नाहीत. दिवसा किती चढलात यापेक्षा रात्री झोपता कुठे हे महत्त्वाचं. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असं सांगतात. पँगाँग ४२०० च्या वर आहे. करा हिशोब!

मला खरी भीती वाटते ती गप्प बसण्याची. डोकं ठणकतंय, मळमळतंय, जेवण जात नाही. पण सगळ्यांची ट्रिप बिघडेल म्हणून पोरं बोलत नाहीत. अशा वेळी आणखी वर जायचंच नाही. आणि कुणाचा तोल जाऊ लागला, कुणी असंबद्ध बोलू लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट बघू नका. सिलेंडर असेल तर ऑक्सिजन लावा आणि रात्रीच गाडी काढून त्याला खाली न्या.