माळ्यावरचा कॅमेरा आणि १३५ची लेन्स



गेल्या महिन्यात मंडळातल्या एका काकांचा फोन आला. घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरून वडिलांचा पेंटॅक्स के१००० निघाला, सोबत नेहमीची ५० मिमीची लेन्स. शटर चालतंय, नवा सेल घातल्यावर मीटरचा काटाही हलतोय. दिवाळीत आईला नव्वद पूर्ण होणार आणि तिचा एक चांगला फोटो वडिलांच्याच कॅमेऱ्यावर काढायचा, असं काकांनी ठरवलंय. अडचण एकच. कॅमेरा जवळ आला की आजी तोंड फिरवतात किंवा पदर सारखा करत बसतात. "तेव्हा लांबून काढायला जुनी टेलिफोटो घेतो. २०० घेऊ की ३००? नंतर वढवाण्याच्या तलावावर पक्षीही काढता येतील."

मी म्हटलं, काका, १३५ घ्या.

थोडं गणित सांगतो, सोपं आहे. फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिमी. कॅमेरा उभा धरून डोक्यापासून छातीपर्यंत माणूस हवा असेल, तर १३५च्या लेन्सला साधारण दोन मीटर अंतर लागतं. तेवढीच चौकट ५०च्या लेन्सने भरायची तर पाऊण मीटरवर जावं लागेल, म्हणजे जवळजवळ आजींच्या मांडीवरच! इतक्या जवळून नाक मोठं दिसतं, कान मागे जातात. दोष लेन्सचा नसतो, अंतराचा असतो. दोन मीटरवरून चेहरा आपल्याला रोज दिसतो तसा येतो, आणि आजी शेजारच्या खुर्चीतल्या सुनेशी बोलत असतील तर त्यांचं कॅमेऱ्याकडे लक्षही जात नाही. १०५ची लेन्सही याच कामाची. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ साली काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो निकॉनच्या १०५ मिमी एफ/२.५वरचा आहे. पण पेंटॅक्सच्या जुन्या लेन्समध्ये १३५ एफ/३.५ सहज मिळते आणि परवडतेही. वजन पावशेरापेक्षा जरासंच जास्त.

२०० वाईट नाही, पण घरात तिला जागा पुरत नाही आणि हात हलला की फोटो हलतो. हातात धरून काढायचं तर शटरचा वेग निदान लेन्सच्या मिमीएवढा ठेवावा: १३५ला १/१२५, २००ला १/२५०. पक्ष्यांचं म्हणाल तर वीस मीटरवर २००च्या चौकटीत साडेतीन मीटर रुंदीचं पाणी मावतं. त्यात बगळा म्हणजे एक पांढरा ठिपका. ४०० एफ/६.३च्या स्वस्त जुन्या लेन्स मिळतात, पण त्यातून पाहताना व्ह्यूफाइंडरच्या मधलं वर्तुळ काळवंडतं आणि फोकस लागला की नाही तेच कळत नाही. पक्ष्यांसाठी नातवाचा डिजिटल कॅमेरा घ्या. छत्तीस फोटोंच्या महाग रोलवर बगळे शोधणं मला पटत नाही.

आता माउंट. के१०००ला पेंटॅक्सचा 'के' माउंट लागतो. 'पेंटॅक्सचीच आहे' म्हणून दुकानदार टाकुमार नावाची आटे असलेली लेन्स दाखवेल. ती बहुधा त्याआधीच्या एम४२ माउंटची असते. अडॅप्टर लावून चालते, लांबचा फोकसही नीट लागतो, पण दरवेळी छिद्र हाताने लहान करावं लागतं. आजी तेवढा वेळ थांबणार नाहीत. ज्यांच्या घरी निकॉन आहे त्यांनी आणखी जपावं. १९७७च्या आधीची, बदल न केलेली लेन्स एफएम२वर जबरदस्तीने बसवली तर बॉडीचं नुकसान होतं. 'एआय' आहे का, हे आधी विचारावं.

सगळ्यात महत्त्वाची ती तपासणी. जुनी लेन्स घेताना बाहेरचे ओरखडे पाहू नका, मोबाइलचा टॉर्च लावून आत पाहा. छिद्र पूर्ण उघडं ठेवायचं आणि लेन्स तिरकी फिरवत राहायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. आपल्याकडच्या चार पावसाळ्यांत बंद कपाटात राहिलेल्या लेन्सचा हा ठरलेला रोग. कडेला बारीकशी असेल तर फोटोत दिसत नाही, पण वाढली की काचेवरचा लेपच खाते. सगळीकडे धुरकट दिसत असेल तर नको म्हणा, उजेडाकडे तोंड करून काढलेला प्रत्येक फोटो फिका येईल. मग मागची छोटी तरफ बोटाने सोडून पाहा. छिद्राची पाती चटकन मिटली पाहिजेत. त्यांवर तेल उतरलं असेल तर ती सावकाश मिटतात आणि फोटो जास्त उजेडाचा येतो. फोकसची कडी शेवटपर्यंत एकसारखी फिरायला हवी. दुकानदार घाई करू लागला तर खुशाल उठावं.

लेन्स घरी आली की चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, ते ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात.

राहता राहिला आजींचा फोटो. दोन मीटरवर एफ/३.५ला जेमतेम चार-पाच सेंटिमीटर पट्टा धारदार येतो. फोकस चष्म्याच्या काडीवर नको, जवळच्या डोळ्यावर घ्यायचा. दिवाणखान्यातल्या ट्यूबलाइटखाली १/१२५ मिळणार नाही, म्हणून खुर्ची गॅलरीत, उन्हाच्या सावलीत. ४००ची फिल्म, एफ/५.६, आणि शटर काटा सांगेल ते.

काकांना सांगितलंय, दसऱ्यापर्यंत एक रोल असाच संपवा. फिल्म धुणाऱ्या लॅब आता मोजक्याच उरल्यात, रोल कुरियरने जाऊन यायला दिवस लागतात. पहिल्या रोलवर काकूंना बसवा; त्याही तोंड फिरवतात म्हणे.