प्रयोगशाळेचे कुलूप २ ऑक्टोबरच्या आत काढा

शालेय शिक्षण विभाग, जिल्हा परिषदांचे शिक्षणाधिकारी, अनुदानित शाळांचे संस्थाचालक आणि मुख्याध्यापक, या सर्वांना हा जाहीर इशारा आहे. निवेदने देऊन झाली. त्यांच्या पोचपावत्या आमच्या फायलीत आहेत, उत्तर एकही नाही. आम्ही शाळेत जाणाऱ्या मुलांचे आईबाप आहोत, शाळा व्यवस्थापन समित्यांवर बसणारी माणसे आहोत. आता मुदत देत आहोत.

पहिली मुदत शासनाचीच होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिले आहे की २०२५ पर्यंत शाळा-कॉलेजांतल्या किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख झालेली असेल. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना यावे, गावातल्या सुताराकडे, कुंभाराकडे, माळ्याकडे बसून काम शिकावे, हेही त्याच धोरणात आहे. आपल्या घरातल्या आठवीच्या मुलाला विचारा, यातले किती दिवस पदरात पडले. दप्तराविना आलेल्या दिवशी मैदानावर खेळवून सोडून दिले असेल, तर तो दिवस आम्ही मोजत नाही.

आमचा आरोप साधा आहे. हाताने काम शिकवण्यासाठी यंत्राला पैसा मिळतो. ते चालवणाऱ्या माणसाला आणि त्याला लागणाऱ्या मालाला मिळत नाही. म्हणून फीत कापली जाते, फोटो छापून येतो आणि काही वर्षांत खोलीला कुलूप लागते.

केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅबचेच घ्या. नीती आयोगाच्या अखत्यारीत २०१६ मध्ये ही योजना आली. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान. त्यात सहावी ते बारावीच्या मुलांसाठी थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटिक्सचे संच, सोल्डरिंगची हत्यारे. योजना वाईट नाही, काही शाळांतल्या मुलांनी तिचे सोने केले आहे. रोजच्या खर्चाची तरतूदही अनुदानात आहे, पण ती पाच वर्षांपुरती. सहाव्या वर्षी प्रिंटरचे फिलामेंट कोण आणणार? आणि पहिल्या दिवसापासून तिथे उभा राहणारा माणूस कुणाच्या पगारपत्रकावर? विज्ञानाच्या शिक्षकांना लॅबचे प्रभारी नेमले की काम झाले, असे वरच्यांना वाटते. त्यांचे तास, पेपर तपासणे, ऑनलाइन माहिती भरणे, निवडणुकीची कामे, सगळे तसेच राहते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५०,००० लॅब जाहीर झाल्या. खोल्या जाहीर करणे सोपे आहे. आधी पदे मंजूर करा.

कुलूप का लागते, तेही सांगतो. आलेले यंत्र डेड स्टॉक रजिस्टरला चढते. लेखापरीक्षणात ते जागेवर आहे की नाही एवढेच बघतात. मुलांच्या हातून ड्रिल मशिन बिघडले तर मुख्याध्यापकांना खुलासा द्यावा लागतो. ड्रिल मशिन वर्षभर पिशवीतून बाहेरच काढले नाही तर कुणी काही विचारत नाही. अशा नियमांत कुठलाही शहाणा मुख्याध्यापक किल्ली स्वतःच्या कपाटात ठेवील. दोष त्यांच्या भित्रेपणाचा कमी आणि वापराला शिक्षा, न वापराला अभय देणाऱ्या कारभाराचा जास्त आहे.

माणसांची गत याहून वाईट. समग्र शिक्षा योजनेत नववीपासून व्यवसाय शिक्षणाचे विषय शिकवणारे प्रशिक्षक बाहेरच्या संस्थांमार्फत, कंत्राटी पद्धतीने घेतले जातात. योजनेचा ६० टक्के पैसा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा, मध्ये संस्था. मानधन रखडले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ज्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ठाऊक नाही, तो मुलांना लेथवर उभे करण्याची जोखीम कशाला घेईल? तो पुस्तकातली आकृती फळ्यावर काढतो. मुले ती वहीत उतरवतात. प्रात्यक्षिकाचे गुण मिळतात.

आणि हे सगळे ऐच्छिक आहे, जमले तर करू, असे कुणी समजू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट आहे: सहावी ते आठवीत १०० हून अधिक मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण या तिन्हींसाठी अंशकालीन निदेशक हवेत. एवढी मुले असूनही निदेशक नसलेल्या प्रत्येक शाळेत कायदा मोडला जातो आहे. तरीही प्रगतिपुस्तकावर कार्यानुभवाची श्रेणी दरवर्षी न चुकता येते. न झालेल्या कामाची ही श्रेणी आमच्या मुलांच्या हातात खोटा कागद देते.

हे होत नाही, आपल्याकडे जमत नाही, असे सांगणाऱ्यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला जावे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लीव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला. त्यांनी शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय रचला. आठवड्यातला एक दिवस हातांचा. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार विभाग, आणि प्रत्येक मुलाने, प्रत्येक मुलीने चारही करायचे. मुली वेल्डिंग करतात, मुलगे रक्तातले हिमोग्लोबिन तपासायला शिकतात. शिकवायला परिसरातले हुन्नरी कारागीर. प्रत्येक वस्तूचा खर्च वहीत मांडायचा: पत्रा किती, रॉड किती, मजुरी किती. गावाची लहानमोठी कामे मुलांनी करून द्यायची आणि साहित्याचा काही खर्च त्यातून काढायचा. राज्याच्या परीक्षा मंडळाने हा विषय मान्य केला, कित्येक शाळांनी तो चालवला. अमेरिकेतल्या एमआयटीशी जोडलेल्या जगातल्या पहिल्या काही फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये याच गावात सुरू झाली.

पाबळची पद्धत चालली, कारण तिथे निदेशक आधी उभा राहिला. वेळापत्रकात सलग वेळ होता. मोडण्याची परवानगी होती, दुरुस्तीची सक्ती होती. त्यापलीकडे जादू काही नाही. देणग्यांवर आणि चार ध्येयवेड्या माणसांवर जे उभे राहते, ते शासनाने पगारपत्रकावर घ्यायचे, एवढेच उरले आहे. चाळीस वर्षे एखादा प्रयोग 'आदर्श' म्हणून मिरवायचा आणि त्याला पदे द्यायची नाहीत, हे कौतुक आम्हाला नको.

१९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यावर आणले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सांगितला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कामाचा आग्रह धरला. म्हणजे विचाराची कमतरता देशाला कधीच नव्हती. अंदाजपत्रकात निदेशकाची ओळ घालायची हिंमत नव्हती.

या चालढकलीची किंमत आता चढू लागली आहे. शेताशेतांत सौर पंप बसत आहेत. कंट्रोलर बंद पडला की शेतकऱ्याने फोन करायचा आणि माणूस शहरातून येईपर्यंत पीक वाळताना बघायचे. चाकण, रांजणगाव, वाळूजच्या कारखान्यांच्या आसपासची पोरे तिथे ठेकेदाराकडे माल उचलायला जातात, कारण व्हर्नियर हातात धरलेला नाही. दहावीला विज्ञानात ऐंशी गुण मिळवलेल्या मुलाला घरातला फ्यूज बांधता येत नाही, आणि दहावीपर्यंत पोचण्याआधी गळालेला मुलगा कुठेतरी मोटार भरायला शिकतो तेव्हा त्याला शाळेची आठवणही येत नाही. हातांना काम न देणाऱ्या शाळेतून मुले उठून जातील. ती गेल्यावर पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करायला शिक्षणाधिकाऱ्यांच्याच कचेरीतून पत्र येईल. हे आज लेखी सांगून ठेवतो.

यात आपणा पालकांचाही वाटा आहे, तो झाकणार नाही. "याला मार्क किती?" हा प्रश्न आपणच विचारतो. कार्यानुभवाचा तास गणिताला दिला की आपणच सरांचे आभार मानतो. प्रदर्शनासाठी दुकानातून तयार मॉडेल आणून देणारेही आपणच. ते थांबवा. नाहीतर उद्या अधिकारी आपल्याकडेच बोट दाखवतील, आणि त्यांचे खरे असेल.

पैसा नाही, हे उत्तर आम्ही स्वीकारणार नाही. हिशेब मांडा. एका मुलामागे आठवड्याला १० रुपयांचे साहित्य धरले, वर्षात ३० आठवडे, शाळेत २०० मुले, तर वर्षाचे ६०,००० रुपये होतात. एका लॅबच्या २० लाखांत हा खर्च ३३ वर्षे चालेल. निदेशकाचा पगार वेगळा, आणि तोच मोठा खर्च आहे. तो टाळून उरलेले सगळे विकत घ्यायचे म्हणजे विहीर खणायची, मोटार बसवायची आणि वीजजोडच घ्यायचा नाही.

म्हणून आमच्या मागण्या:

१. सहावी ते आठवीत १०० हून अधिक मुले असलेल्या प्रत्येक शाळेत कार्यशिक्षणाचा निदेशक नेमा. नववी-दहावीच्या व्यवसाय प्रशिक्षकांचे मानधन दरमहा थेट त्यांच्या खात्यात जमा करा. मध्ये संस्था नको.

२. साहित्यासाठी दरवर्षी स्वतंत्र रक्कम द्या आणि ती जूनमध्ये द्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येणारा निधी बिलांसाठी असतो, मुलांसाठी नव्हे.

३. वापरताना झालेल्या मोडतोडीची वसुली शिक्षकांकडून होणार नाही, असे लेखी परिपत्रक काढा.

४. वेळापत्रकात आठवड्याला किमान दोन सलग तास ठेवा. ते दुसऱ्या विषयाला देणाऱ्या शाळेला जाब विचारा.

५. तपासणीत यंत्रे मोजू नका. मुलांनी काय बनवले, काय दुरुस्त केले, खर्चाची वही काय सांगते, ते बघा.

मुदत दोन टप्प्यांत आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत, शहरांत पालकसभेपर्यंत, प्रत्येक शाळेने फलकावर लिहावे: कोणती यंत्रे आली, कधी आली, निदेशक कोण, साहित्याला किती रुपये मिळाले, खोली आठवड्यात किती तास उघडी असते. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मागण्यांवर लेखी उत्तर हवे. "पाठपुरावा सुरू आहे" हे उत्तर धरले जाणार नाही.

उत्तर आले नाही तर आम्ही काय करू, तेही आजच सांगतो. एकही दगड उचलला जाणार नाही, एकाही शिक्षकाला त्रास दिला जाणार नाही. ज्या ज्या शाळेत खोली बंद असेल तिथून माहिती अधिकाराचा अर्ज जाईल. ३० दिवसांत माहिती नाही आली तर अपील, मग माहिती आयोग, आणि दिवसाला २५० रुपये दंडाची मागणी. निदेशक नसलेल्या शाळेसाठी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार होईल. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावाच लागतो, पुढे बालहक्क आयोग आहे. सरकारी आणि जिल्हा परिषद शाळांच्या समित्यांत तीन-चतुर्थांश पालक आहेत. शाळा विकास आराखडा त्या समित्याच करतात आणि कायद्याने अनुदानाचा आधार तोच आराखडा आहे. निदेशक आणि साहित्याची रक्कम पहिल्या पानावर नसलेल्या आराखड्यावर आमची सही होणार नाही. आणि नव्या लॅबच्या कुठल्याही उद्घाटनाला, जुनी उघडेपर्यंत, आमची मुले टाळ्या वाजवायला बसणार नाहीत. जिल्हा परिषदेला मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आधी त्या खोलीपाशी नेले जाईल.

अर्जांचे मसुदे तयार आहेत. ३ ऑक्टोबरपासून ते जाऊ लागतील.